सूज आणि बाळसे : साक्री परिसराच्या निमित्ताने शोथविचाराचा मागोवा

एखाद्या वाढीविषयी संशय व्यक्त करावयाचा असला म्हणजे ‘हे बाळसे नव्हे, ही सूज आहे’ असे म्हणण्याचा मराठीत प्रघात आहे. पक्षाच्या सभासदसंख्येपासून बाजारातील तेजीपर्यंत ही उक्ती कशालाही लावली जाते, आणि लावणाऱ्याच्या मनात तिच्या मूळ अर्थाचा लवलेशही बहुधा नसतो. मूळ अर्थ मात्र अगदी शब्दशः आहे. लहान मुलाचे गाल व हातपाय भरलेले दिसतात. ते भरणे मांसमेदाचे की पाण्याचे, हे पाहणाऱ्याने ओळखावयाचे असते. धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, साक्री तालुक्याच्या डोंगरी पट्ट्यात, ही उक्ती अलंकाराची उरत नाही. तेथे ती एका निदानाची बाब होते, आणि निदान चुकल्यास मूल दगावते. सूज म्हणजे काय, तिचे प्रकार कोणते आणि ती परत फिरते काय, ह्या तीन प्रश्नांचा इतिहास ह्या उक्तीच्या अनुरोधाने पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

साक्री हे कान नदीच्या काठचे गाव. कान पुढे पांझरेस मिळते. इंग्रजी अमदानीत हा तालुका पिंपळनेर ह्या नावाने ओळखला जाई व त्याची कचेरी साक्रीस असे. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा तो पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात गेला. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यावरही साक्री धुळ्याकडेच राहिली. तालुक्याच्या पूर्वभागात अहिराणी बोलणारी शेतकरी वस्ती आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगांत कोकणा, मावची व भिल्ल समाजांचे पाडे आहेत. ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) खानदेशी व भिल्ली बोली एकत्र घेतल्या, ह्याचे कारण ह्या भागात मराठी व गुजराती ह्यांची सीमारेषा आखणे अवघड आहे हेच होय. मराठीतील ‘सूज’ आणि गुजरातीतील ‘सोजो’ हे दोन्ही शब्द येथल्या माणसाच्या कानावर असतात. अहिराणी बोलणारा ‘पाय सुजी गयात’ म्हणतो. प्रमाण मराठीतील ‘-ऊन’च्या जागी येथे गुजरातीसारखा ‘-ई’ हा प्रत्यय आहे.

ह्या शब्दांचे मूळ एकच आहे. संस्कृत ‘श्वि’ ह्या धातूचा अर्थ फुगणे, वाढणे. त्यापासून ‘श्वयथु’ हे नाम पाणिनीय नियमाने सिद्ध होते. ‘शोथ’, ‘शोफ’ व ‘शून’ हे शब्द त्याच कुळातले. आणि ‘शूयते’ ह्या रूपातून प्राकृतद्वारा ‘सुजणे’ मराठीत उतरले. साक्रीपासून पन्नासएक किलोमीटरवरील धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी आपल्या अखेरच्या काळात मराठी धातूंचा जो प्रचंड संग्रह केला, त्याच्यामागे व्यवहारातल्या साध्या क्रियापदांत जुना इतिहास साठलेला असतो ही दृष्टी होती. ‘सुजणे’ हे त्याचे चांगले उदाहरण म्हणावयास हरकत नाही. ‘श्वि’ ह्या धातूत वाढ आणि विकार असा भेद नाही. हा भेद मराठीने केला, आणि त्यासाठी तिने ‘बाळसे’ हा दुसरा शब्द जवळ केला. ग्रीक भाषेत हीच सोय नव्हती असे दिसते. तेथे फुगण्याच्या धातूवरून ‘ओइडेमा’ हा रोगवाचक शब्द झाला, आणि सुजलेल्या पायांचा म्हणून ज्याचे नाव पडले तो ईडिपस शोकान्तिकेचा नायक झाला.

येथे परिभाषेविषयी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे, कारण तिच्यामुळे विद्यार्थ्यांची वारंवार फसगत होते. चरकसंहितेत श्वयथु, शोथ आणि शोफ हे शब्द जवळजवळ पर्यायाने येतात. विसाव्या शतकातील मराठी वैद्यकीय परिभाषेने मात्र ‘शोथ’ हा शब्द दाहयुक्त विकाराकडे दिला (वृक्कशोथ, यकृतशोथ) आणि ऊतकांत पाणी साचण्यासाठी ‘शोफ’ किंवा ‘द्रवशोफ’ हा शब्द राखला. सोय म्हणून हे ठीकच आहे. परंतु ही नवी वाटणी मनात धरून चरक वाचू लागल्यास त्याच्या विधानांचा विपर्यास होतो.

चरकाने सूत्रस्थानाचा अठरावा अध्याय (‘त्रिशोथीय’) व चिकित्सास्थानाचा बारावा अध्याय ह्या विषयास वाहिला आहे. पहिली वाटणी आगंतुज व निज अशी: काटा, घाव, दंश, विषारी स्पर्श ह्यांनी बाहेरून आलेली सूज ती आगंतुज, व शरीरातील दोषांनी आतून उठलेली ती निज. निजाचे वात, पित्त व कफ ह्यांवरून प्रकार. ह्या प्रकारांत सर्वांत लक्षणीय आहे ती दाबून पाहण्याची कसोटी. वाताची सूज दाबली असता पुन्हा लगेच वर येते व दिवसा वाढते. कफाची सूज दाबली असता वर येत नाही, रात्री बळावते, सावकाश येते व सावकाशच जाते. बोटाचा खळगा राहतो की नाही ही आजच्या दवाखान्यातील पहिली कसोटी, म्हणजे, पुष्कळ जुनी आहे.

निज शोथाची जी कारणे त्याच अध्यायात सांगितली आहेत, त्यांपैकी एक विशेष विचारार्ह आहे. वांती, अतिसार, ज्वर, पांडुरोग इत्यादींनी माणूस अतिशय कृश झाला असता त्याने एकाएकी जड, आंबट, खारट अन्न खाल्ले तर सूज येते, असे तेथे म्हटले आहे. माती खाणे हेही कारणांत आहे, आणि मिठाचा अतिरेकही. ह्याचा उल्लेख पुढे पुन्हा करावा लागेल. तथापि चरकाच्या प्रत्येक वाक्यात आधुनिक शोध शोधण्याचा मोह आवरला पाहिजे. पुरुषाच्या पायांपासून सुरू होऊन सर्वांगावर पसरणारी, आणि स्त्रीच्या मुखापासून पसरणारी सूज अतिशय कष्टसाध्य, असे तो सांगतो. आजचे वैद्यक पायांवरच्या सुजेत हृदयाकडे व डोळ्यांभोवतीच्या सुजेत मूत्रपिंडाकडे प्रथम पाहते हे खरे. पण तो भेद इंद्रियांचा आहे, स्त्रीपुरुषांचा नाही. दोहोंची सांगड घालणे हे वकिली चातुर्य होईल, इतिहास नव्हे. चरकाचे खरे महत्त्व निराळ्या ठिकाणी आहे. सूज उतरेल काय हा प्रश्न त्याने वर्गीकरणाच्या आतच बसविला. रोग साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य की असाध्य हे ठरल्यावाचून त्याच्या दृष्टीने रोगाची ओळखच पुरी होत नाही. वांती, श्वास, अरुची, तहान, ताप, अतिसार व दौर्बल्य हे सात उपद्रव सांगून त्याने सुजेच्या गांभीर्याची खूणही दिली आहे.

युरोपात सर्वांगसूज हा दीर्घकाळ एकच रोग मानला जात होता. तो फुटला तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. १७८५ साली विल्यम विदरिंगने डिजिटालिस वनस्पतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ती ज्या रुग्णांना लागू पडे त्यांची सूज हृदयाची होती, हे पुढे कळले. १८२७ मध्ये रिचर्ड ब्राइटने सूज, मूत्रातील अल्ब्युमिन आणि विकृत मूत्रपिंड ह्यांचा संबंध दाखविला. १८९६ साली अर्नेस्ट स्टार्लिंगने केशवाहिनीतील रक्ताचा दाब पाणी बाहेर ढकलतो व रक्तरसातील प्रथिने ते धरून ठेवतात, असा तोल मांडला. बाहेर पडलेले पाणी परत नेण्यात लसीकावाहिन्यांचा वाटा फार मोठा आहे, हे त्यानंतर अधिक स्पष्ट होत गेले. म्हणजे दाब वाढला, प्रथिने घटली, मूत्रपिंडाने मीठपाणी अडविले, वाहिन्यांच्या भिंती झिरपू लागल्या किंवा लसीकेचा मार्ग तुंबला, तर सूज येते. कारण कोणते, ह्यावर तिचे परतणे अवलंबून.

खानदेशाच्या पश्चिम भागात ह्या कारणांचा तुटवडा कधीच नव्हता. हा डोंगरी प्रदेश हिवतापाविषयी कुप्रसिद्ध होता; वारंवारच्या हिवतापाने पांडुता येते, पांथरी वाढते आणि पाय सुजतात. त्यावर दुष्काळाची भर पडे. १८९९–१९०० चा दुष्काळ संवत १९५६ वरून गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला, व खानदेशासही त्याची झळ पोचली. उपासमारीत आधी हाडे दिसू लागतात आणि मग त्याच हाडांवर सूज चढते, हे दुष्काळ पाहिलेल्या कोणत्याही प्रदेशास ठाऊक असते. त्याचे मोजमाप फार उशिरा झाले. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४५ साली ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले. अ‍ॅन्सेल कीज व सहकाऱ्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या तरुणांच्या पायांवर व तोंडावर आलेल्या सुजेची नोंद आहे, आणि साचलेल्या पाण्यामुळे खरी झीज वजनकाट्यावर कमी दिसते हेही तेथे दाखविले आहे.

काट्याची ही फसगत मोठ्या माणसात होते तशीच मुलात होते, पण मुलात ती अधिक घातक असते. सिसिली विल्यम्स ह्या डॉक्टर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या घाना देशात काम करीत असता त्यांनी १९३३ मध्ये सुजलेल्या, कातडी सोलवटलेल्या, चिडचिड्या मुलांच्या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९३५ मध्ये त्यांनी गा भाषेतील ‘क्वाशिओरकोर’ हे त्याचे स्थानिक नाव वैद्यकास दिले. पाठचे भावंड आल्यावर आधीच्या मुलाला होणारा आजार, असा त्या शब्दाचा आशय. आईच्या अंगावरून उतरविलेल्या मुलाची ही कथा त्या शब्दातच आहे. मराठी आरोग्यशिक्षणाच्या पुस्तकांत ‘सुकटी’ आणि ‘सुजवटी’ अशी जोडी योजिली जाते: वाळत जाणारे मूल व सुजणारे मूल. शब्द नेटके आहेत आणि लक्षातही राहतात. मात्र त्यांत कारणाची खूण नाही, ती गा शब्दात आहे.

ही सूज केवळ प्रथिनांच्या अभावाने येते, असे पुष्कळ काळ मानले गेले, व स्टार्लिंगच्या तोलाशी ते जुळतही होते. त्यास पहिला मोठा धक्का भारतातूनच बसला. हैदराबाद येथे सी. गोपालन ह्यांनी १९६८ मध्ये असे मांडले की, सुकटीची व सुजवटीची मुले एकाच प्रकारचा आहार घेत असतात. फरक आहारात नसून शरीराच्या जुळवून घेण्यात आहे. १९८० साली मायकेल गोल्डन व सहकाऱ्यांनी जमैकात पाहिले की, उपचारात सूज उतरते ती रक्तातील अल्ब्युमिन वाढण्याच्या आधीच. २०१३ मध्ये मलावीतील जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: एकाच घरात, एकाच ताटातले खाणाऱ्या जुळ्यांपैकी एक सुजे व दुसरे न सुजे, आणि ह्या भेदात आतड्यांतील जीवाणूंचाही भाग असावा. वादाचा निकाल अद्याप लागलेला नाही. पण ‘डाळ कमी पडली म्हणून सूज आली’ हे सुटसुटीत स्पष्टीकरण आता टिकत नाही.

ह्या सुजेची गणना कशी करावी हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो, पण मर्म तेथेच आहे. मेक्सिकोतील फेदेरिको गोमेझ व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये वयाच्या मानाने वजनाच्या उणेपणावरून कुपोषणाच्या तीन पायऱ्या केल्या, आणि सूज असलेले मूल वजन काही असले तरी तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर पायरीत धरावे असा निर्बंध घातला. १९७० च्या वेलकम वर्गीकरणात सुजेला वेगळा रकाना मिळाला. १९७२ साली भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने वजनावरून चार श्रेणी ठरविल्या. सूज असल्यास श्रेणीपुढे कंसात ‘के’ हे अक्षर लिहावयाचे. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यावर अंगणवाडीत वजनाचा काटा आला, तक्ता आला आणि श्रेणीही आल्या. परंतु एक अक्षर लिहावयाचे राहून जाणे किती सोपे असते, हे नोंदवहीशी संबंध आलेल्या प्रत्येकास माहीत आहे. ते अक्षर राहिले की सुजलेले मूल कागदावर वरच्या श्रेणीत चढते, म्हणजे सूज बाळसे ठरते. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या संयुक्त निवेदनात उंचीच्या मानाने अत्यल्प वजन किंवा दंडाचा घेर ११५ मिलिमीटरांहून कमी, ह्यांतील एकही खूण असल्यास मूल अतितीव्र कुपोषित धरण्यास सांगितले. दोन्ही पायांवरची खळगा पडणारी सूज ही ह्या दोहोंपासून स्वतंत्र अशी खूण म्हणून कायम राहिली. भारतातील पोषण पुनर्वसन केंद्रांच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतही तीच कसोटी आहे. तथापि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९–२१ च्या पाचव्या फेरीतही, मुलांची उंची व वजन मोजले जाते, सूज पाहिली जात नाही. जिल्ह्याजिल्ह्याचे कुपोषणाचे जे आकडे विधिमंडळात व वर्तमानपत्रांत फिरतात, त्यांत सुजलेली मुले कोणत्या बाजूस गेली हे त्यामुळे सांगता येत नाही. धुळ्यासारख्या जिल्ह्याचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावयास हवे.

आता परतण्याचा प्रश्न. सुजवटी उतरते, वेळेवर उपचार मिळाला तर पूर्णपणे उतरते. पण तिचा मार्ग सामान्य समजुतीच्या उलट आहे. सुजलेल्या शरीरात सोडिअम अधिक व पोटॅशिअम उणे असते. म्हणून मीठ आवरते घेतात, लघवी वाढविणारी औषधे देत नाहीत, आणि मुलाला लगेच भरपूर अन्नही देत नाहीत. पहिल्या टप्प्यात १०० मिलिलिटरमागे ७५ कॅलरी असलेले दूधमिश्रण थोडे थोडे, रात्रंदिवस द्यावयाचे. साधारणतः किलोमागे दिवसाला १३० मिलिलिटर, व सूज फार असल्यास १०० मिलिलिटरच. लोहसुद्धा ह्या टप्प्यात नाही. सूज ओसरू लागली व भूक परतली म्हणजे मग क्रमाने वाढता आहार. कृश झालेल्यास एकाएकी जड व खारट अन्न देऊ नये हे चरकाचे निरीक्षण आणि आजची पद्धत ह्यांच्या मागील उपपत्ती अगदी भिन्न आहेत. सावधगिरी मात्र एकाच जागी आहे.

ह्या काळात काट्यावर मुलाचे वजन घटते. मराठीत सूज उतरते, आणि तोंडही उतरते. एकाच क्रियापदाने बरे होणे व खंगणे दोन्ही सांगितले जाते. गुटगुटीत दिसणारे लेकरू दवाखान्यात आणले आणि आठवड्यात त्याचे गाल बसले, बरगड्या दिसू लागल्या, तर आईने काय समजावे? जे दिसते ते तिच्या दृष्टीने खरेच असते. मजुरी बुडवून केंद्रात राहिलेली आई अशा वेळी मुलाला घेऊन पाड्यावर परत जाण्याचा विचार करते, त्याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. परंतु वजन आधी उतरेल व मग चढेल, हे तिला कोकणीत किंवा अहिराणीत आरंभीच कोणी सांगितले होते काय, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे. भाषेचा अभ्यासक ह्या विषयात लक्ष घालतो तो ह्याच कारणाने.

सर्वच सुजा अशा परततात असे नाही. हत्तीपायात सूत्रकृमींनी लसीकावाहिन्या बिघडतात. पहिल्या अवस्थेत पाय उंच ठेवल्याने सूज ओसरते, पुढे त्वचा जाड व घट्ट होते आणि बोटाचा खळगाही पडेनासा होतो. औषधाने रक्तातील जंतू मरतात, पण वाढलेला पाय पूर्ववत होत नाही. रोज धुणे, कोरडा ठेवणे, जखम होऊ न देणे एवढेच हाती राहते. चरकाचा ‘याप्य’ हा शब्द येथे जितका चपखल बसतो तितका क्वचितच अन्यत्र बसेल. माळरानावर सर्वत्र उगवणाऱ्या पिवळ्या फुलांच्या फिरंगी धोत्र्याची कथा वेगळी. मूळच्या अमेरिकेतील ह्या काटेरी झाडाचे परकेपण मराठीने नावातच नोंदविले आहे. त्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेले म्हणजे पायांवर सूज येते, हृदय दुबळे होते. १८७७ साली कलकत्त्यात ह्या साथीची पहिली नोंद झाली व १९९८ मध्ये दिल्लीत तिने अनेक बळी घेतले. तेल बंद केल्यावर सूज बहुधा उतरते. हृदयाला व डोळ्यांना झालेली इजा मागे राहू शकते.

साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. भिल्ल, कोकणा व मावची समाजांत सिकलसेलचा वारसा आढळतो, आणि ह्या विकाराची पहिली खूण पुष्कळदा सहा महिने ते दोन-तीन वर्षांच्या बालकाच्या हातापायांच्या पंजांवरील सूज हीच असते. ही सूज हाडांतील रक्तपुरवठा अडल्याने येते. ती ठणकते, तिला हात लावताच मूल रडते. सुजवटीच्या सुजेत दुखणे नसते. म्हणून अंगणवाडी सेविकेस जी रीत शिकविली जाते ती काटेकोर आहे: दोन्ही पावलांवर वरच्या बाजूने अंगठा हलक्या हाताने तीन सेकंद दाबून धरावयाचा व उचलून पाहावयाचे. दोन्हीकडे खळगा राहिला तर मूल त्याच दिवशी दवाखान्यात न्यावयाचे, काटा काहीही दाखवो. एकाच पावलावर राहिला तर काटा मोडला आहे काय, काही चावले आहे काय, गळू धरते आहे काय, ते पाहावयाचे. चरकाच्या भाषेत ती सूज आगंतुज.